व्हिव्हियन बुलविंकल यांच्या नावापुढची अक्षरे : युद्धकाळातील लष्करी परिचारिकेची पदके कशी वाचावीत

आपण नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि परिचारिकांच्या इतिहासावर टिपण तयार करताना दुसऱ्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका व्हिव्हियन बुलविंकल यांच्या नावापुढे एओ, एमबीई, एआरआरसी, ईडी आणि एफएनएम अशी अक्षरे आपल्याला आढळली. यांतले शौर्यपदक कोणते आणि त्यांच्या कारकिर्दीतील कोणत्या कामासाठी काय मिळाले, असे आपण विचारले आहे. मी भारतीय सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाले असून सेवेतील शेवटची काही वर्षे नव्या नर्सिंग ऑफिसर्सना शिकवण्यात गेली. हा प्रश्न त्या मुलीही विचारत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. या पाचांपैकी एकही शौर्यपदक नाही. समुद्रात उभे करून पाठीमागून गोळ्या घातलेल्या बावीस परिचारिकांपैकी एकटी वाचलेली, कमरेतून गोळी आरपार गेलेली, साडेतीन वर्षे कैदेत राहिलेली आणि नंतर युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्ष दिलेली ही स्त्री. तिच्या छातीवर शौर्याचे एकही पदक नाही, हे वाचून आपल्याला धक्का बसेल. मलाही प्रथम बसला होता. त्यामागची कारणे समजून घेतली की कोणत्याही लष्करी परिचारिकेची पदके कशी वाचायची हे कळू लागते.

नावापुढच्या अक्षरांचा क्रम राजशिष्टाचाराने ठरतो. कोणता सन्मान आधी मिळाला याच्याशी त्याचा संबंध नसतो. एओ हा सर्वांत पुढे लिहिला जातो, पण तो त्यांना सर्वांत शेवटी, १९९३ मध्ये मिळाला. म्हणून मी विद्यार्थिनींना नेहमी सांगत असे की आधी सेवेचा तपशील तारखांनिशी मांडा आणि मगच त्यावर पदके ठेवा. आपणही तसेच करू.

बुलविंकल यांचा जन्म १८ डिसेंबर १९१५ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील कापुंडा येथे झाला. परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राचे शिक्षण त्यांनी ब्रोकन हिल या खाणींच्या गावी घेतले. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी प्रथम हवाई दलात जाण्याचा प्रयत्न केला, पण तळपाय सपाट असल्याच्या कारणावरून त्यांना नाकारण्यात आले. त्यानंतर त्या ऑस्ट्रेलियन आर्मी नर्सिंग सर्व्हिसमध्ये दाखल झाल्या आणि सप्टेंबर १९४१ मध्ये १३ व्या ऑस्ट्रेलियन जनरल हॉस्पिटलबरोबर 'वँगनेला' या इस्पितळ-जहाजाने सिंगापूरला आल्या. डिसेंबरमध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या आणि जानेवारी संपता संपता जोहोरमधले हे इस्पितळ मागे सिंगापूर बेटावर हलवावे लागले. फिरत्या इस्पितळात काम केलेल्या कोणालाही विचारा, माघार घेताना वॉर्ड हलवणे म्हणजे काय असते. खाटा, निर्जंतुक केलेले ड्रेसिंगचे डबे, प्लाझ्मा, नोंदवह्या आणि ज्यांना हलवणे धोक्याचे आहे असे रुग्ण, हे सगळे उचलायचे आणि त्याच वेळी नवे जखमी येतच असतात.

१२ फेब्रुवारी १९४२ या दिवशी सिंगापूर पडणार हे स्पष्ट झाले होते. रुग्णांना सोडून जायला परिचारिका तयार नव्हत्या, परंतु हुकूम आला आणि त्यांना निघावे लागले. त्या दिवशी दोन जहाजांनी ऑस्ट्रेलियन परिचारिका बंदराबाहेर पडल्या. एक 'एम्पायर स्टार' आणि दुसरे 'व्हायनर ब्रूक'. पदकांचा विचार करताना या दोन जहाजांची तुलना केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

'एम्पायर स्टार'वर दोन हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने भरलेली होती. जपानी विमानांनी त्यावर हल्ले केले तेव्हा मार्गारेट अँडरसन आणि व्हेरा टॉर्नी या दोन परिचारिका उघड्या डेकवर जखमींची शुश्रूषा करीत होत्या आणि गोळ्यांचा मारा सुरू झाल्यावर त्यांनी रुग्णांवर स्वतःचे शरीर आडवे धरून त्यांना झाकले. जहाज बटाव्हियाला पोहोचले. अँडरसन यांना जॉर्ज मेडल हे शौर्यपदक मिळाले आणि टॉर्नी यांना एमबीई, म्हणजे मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर हा सन्मान. दोघींचा सन्मान अत्यंत योग्य होता, याबद्दल कोणाच्याही मनात शंका असू नये. पण हे पदक मिळण्यासाठी काय काय जुळून यावे लागले तेही पाहा. जहाज बुडाले नाही. डेकवर ज्यांनी प्रसंग पाहिला ती माणसे जिवंत राहिली. ज्या अधिकाऱ्यांनी शिफारस लिहायची तेही सुरक्षित किनाऱ्याला लागले, आणि शिफारस पुढे जाऊ शकेल असे कार्यालय शिल्लक होते.

'व्हायनर ब्रूक'वर पासष्ट परिचारिका होत्या. १४ फेब्रुवारीला बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी ते जहाज बुडवले. बारा जणी समुद्रातच मृत्युमुखी पडल्या. त्यांत दहाव्या जनरल हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, ऑलिव्ह पाश्के होत्या. उरलेल्यांपैकी बावीस जणी बांका बेटाच्या राडजी किनाऱ्यावर एकत्र आल्या. त्यांच्याबरोबर जहाजावरचे नागरिक, बायका-मुले आणि नंतर दुसऱ्या बुडालेल्या बोटीवरून आलेले जखमी ब्रिटिश सैनिकही होते. अन्न नव्हते, औषधे नव्हती. १६ फेब्रुवारीला शरण जायचे ठरले आणि जहाजावरील एक अधिकारी मुंतोक गावी जपानी सैन्याला कळवायला गेला. मुले आणि बहुतेक नागरी बायका गावाकडे चालत निघाल्या. परिचारिका जखमींपाशी थांबल्या आणि त्यांनी तिथे रेडक्रॉसची खूण लावली. जपानी सैनिक आले, त्यांनी पुरुषांना टेकाडापलीकडे नेऊन मारले आणि मग परतून बावीस परिचारिका व त्यांच्याबरोबर राहिलेली एक नागरी स्त्री यांना समुद्रात चालत जायला लावले. पाणी कमरेपर्यंत आल्यावर मागून मशीनगन चालवली गेली.

बुलविंकल यांना गोळी डाव्या बाजूला कमरेजवळ लागून आरपार गेली. लाटांनी त्यांना आडवे केले आणि मेल्याचे सोंग घेऊन त्या तरंगत राहिल्या. किनाऱ्यावर परत आल्यावर त्यांना किंग्सली नावाचा एक जखमी ब्रिटिश सैनिक जिवंत आढळला. त्याच्यासाठी त्यांनी जे केले ते मी परिचारिका म्हणून पुन्हा पुन्हा वाचले आहे. स्वतःच्या पोटाजवळ गोळीची ताजी जखम, खारे पाणी, उष्ण कटिबंधातली दमट हवा, माशा, आणि हाताशी एकही ड्रेसिंग नाही. अशा अवस्थेत त्यांनी त्या सैनिकाची सुमारे बारा दिवस जंगलात शुश्रूषा केली, जवळच्या वस्तीतील बायकांकडून अन्न मिळवले आणि शेवटी दोघांचा निभाव लागणार नाही हे ओळखून शरण जाण्याचा निर्णय घेतला. किंग्सली थोड्याच दिवसांत कैदेत वारला. आतड्याला धक्का न लावता गोळी आरपार गेली तर रुग्ण वाचू शकतो हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण अशा जखमेनिशी दुसऱ्याला उचलून धरण्याचे काम पुस्तकात नसते.

शरण जाताना त्यांनी पाण्याची बाटली खांद्यावरून अशी लटकवली की गणवेशावरचे गोळीचे भोक झाकले जाईल. करड्या सुती कापडाचा तो गणवेश आज कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहे. भोक झाकण्याचे कारण साधे होते. हत्याकांडातून एक साक्षीदार वाचली आहे हे जपान्यांना कळले असते तर ती राहिली नसती, आणि ज्यांना तिने सांगितले त्याही राहिल्या नसत्या. छावणीत आधीच पोहोचलेल्या इतर परिचारिकांना त्यांनी काय घडले ते सांगितले, त्यानंतर त्या सर्वांनी युद्ध संपेपर्यंत त्याविषयी तोंड उघडायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले.

आता पदकांच्या नियमांकडे वळू. शौर्यपदकाला लिखित शिफारस लागते आणि शिफारशीला साक्षीदार. राडजी किनाऱ्यावरच्या मेट्रन आयरीन ड्रमंड, ज्यांनी आपल्या हाताखालच्या मुलींविषयी लिहायला हवे होते, त्या स्वतः त्याच ओळीत मारल्या गेल्या. एकच साक्षीदार उरली आणि ती स्वतःविषयी शिफारस लिहू शकत नव्हती. दुसरी गोष्ट अशी की त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत व्हिक्टोरिया क्रॉस, जॉर्ज क्रॉस आणि मेन्शन इन डिस्पॅचेस (लष्करी अहवालातील नामोल्लेख) असे मोजके अपवाद सोडले तर मरणोत्तर सन्मान देताच येत नसे. जॉर्ज मेडलही त्या वेळी मरणोत्तर मिळत नव्हते. त्यामुळे जखमींना सोडून न गेलेल्या एकवीस परिचारिकांच्या बाबतीत बहुतेक दारे नियमानेच बंद होती. आपल्याकडे परमवीर चक्रापासून अनेक शौर्यपदके मरणोत्तर दिली जातात, म्हणून भारतीय वाचकाला ही अडचण चटकन लक्षात येत नाही.

छावणीतील साडेतीन वर्षांविषयी थोडक्यात लिहिणे अवघड आहे, कारण माझ्या मते खरी परिचर्या तिथेच झाली. मुंतोक, पालेम्बांग, पुन्हा मुंतोक आणि शेवटी सुमात्राच्या आतल्या भागातले बेलालाऊ, असा तो प्रवास होता. बेरीबेरी, आमांश आणि मलेरिया यांनी माणसे मरत होती. क्विनीन जवळपास नव्हतेच. औषध नसताना परिचारिकेच्या हातात उरते ते इतकेच: पाणी उकळणे, मलमूत्राची व्यवस्था लावणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, ताप असलेल्याच्या अंगावरून ओले फडके फिरवणे आणि मरणाऱ्यापाशी बसणे. कैदेत गेलेल्या बत्तीस ऑस्ट्रेलियन परिचारिकांपैकी आठ जणी १९४५ मध्ये, म्हणजे सुटका जवळ आली असताना वारल्या. त्यातली शेवटची १८ ऑगस्टला गेली, जपानने शरणागती जाहीर केल्यानंतर तीन दिवसांनी. १६ सप्टेंबरला विमान उतरले तेव्हा चोवीस जणी घरी जायला उरल्या होत्या. त्यांना न्यायला ऑस्ट्रेलियन परिचर्या सेवेच्या मेट्रन-इन-चीफ ॲनी सेज स्वतः आल्या होत्या.

या कैदेतील सेवेसाठी १९४७ मध्ये बुलविंकल यांना रॉयल रेड क्रॉसचा दुसरा वर्ग मिळाला, हेच ते एआरआरसी. हे पदक राणी व्हिक्टोरियाने एप्रिल १८८३ मध्ये सुरू केले आणि पहिल्या मानकऱ्यांमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. सुमारे नव्वद वर्षे ते फक्त स्त्रियांना मिळत असे. आपल्या देशाशीही त्याचा जुना संबंध आहे. मार्च १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्यासाठी पहिल्या दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, आमच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा उगम तिथे मानला जातो, आणि त्यांच्या नेत्या कॅथरीन लॉक यांनाही पुढे हेच पदक मिळाले. पदकाच्या बाहूंवर श्रद्धा, आशा आणि करुणा या अर्थाचे तीन इंग्रजी शब्द व १८८३ हे साल कोरलेले असते. पहिला वर्ग सोनेरी मुलाम्याचा व लाल मिन्याचा, तर दुसरा मुख्यतः रुपेरी. रिबन गडद निळी आणि कडा किरमिजी. स्त्रिया ती बो बांधून डाव्या खांद्याखाली लावतात. पहिल्या महायुद्धात परिचारिकांची संख्या एवढी वाढली की १९१५ मध्ये दुसरा वर्ग निर्माण करावा लागला. पहिला वर्ग साधारणपणे मेट्रन आणि वरिष्ठांना, दुसरा वॉर्डातील सिस्टर्सना, असा प्रघात पडला. बुलविंकल तेव्हा ज्येष्ठतेने खाली होत्या, म्हणून त्यांना दुसरा वर्ग मिळाला. त्यावरून त्यांच्या कामाचा दर्जा दुय्यम ठरला असे समजू नये.

रॉयल रेड क्रॉस हे परिचर्येतील विशेष निष्ठा आणि कौशल्यासाठीचे पदक आहे. बॉम्बहल्ल्यात धीर न सोडल्याबद्दलही ते कधी कधी दिले गेले, त्यामुळे शौर्य आणि सेवा यांतली रेघ त्यात पुसट होते. पदके लावण्याच्या ब्रिटिश क्रमात त्याचा पहिला वर्ग मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाच्याही आधी येतो आणि दुसरा वर्ग त्यानंतर. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुली वहीत लिहिणे थांबवून वर बघत. मात्र कागदावरचा हा मान आणि प्रत्यक्षातली वागणूक यांत अंतर होते. ऑस्ट्रेलियन परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा पूर्वीपासून असला तरी रीतसर कमिशन १९४३ मध्ये मिळाले. बुलविंकल तेव्हा कैदेत होत्या.

त्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक, म्हणजे एफएनएम, मिळाले. इथे आपली एक गफलत होण्याची शक्यता आहे, म्हणून थांबून सांगते. भारतात परिचारिकांना राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जाणारा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ मध्ये सुरू झाला, तो वेगळा. बुलविंकल यांना मिळालेले पदक आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे. ते १९१२ मध्ये स्थापन झाले, पहिल्यांदा १९२० मध्ये दिले गेले आणि आजही दर दोन वर्षांनी जगभरातील निवडक परिचारिकांना दिले जाते. कोणत्याही एका सैन्याच्या किंवा सरकारच्या शिफारस-साखळीवर ते अवलंबून नाही, म्हणून लष्करी परिचारिकेच्या पदकांत मी त्याला फार वजन देते.

या दोन पदकांच्या आधी, डिसेंबर १९४६ मध्ये, त्यांनी टोकिओ येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे साक्ष दिली होती. त्या साक्षीतही सगळे आले नाही. गोळ्या घालण्यापूर्वी परिचारिकांवर लैंगिक अत्याचार झाले होते आणि त्याविषयी न बोलण्याच्या सूचना बुलविंकल यांना देण्यात आल्या होत्या, असे अलीकडच्या संशोधकांनी पुराव्यांसह मांडले आहे. २०१९ मध्ये त्याची जगभर चर्चा झाली. आपण टिपणात हे लिहावे असे माझे मत आहे. बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या रुग्ण आजही युद्धक्षेत्रातल्या इस्पितळांत येतात आणि त्यांच्याजवळ बसणारी बहुधा परिचारिकाच असते. कोणत्याही गौरवपत्रात या गोष्टीला जागा मिळालेली नाही, त्यामुळे ती नोंद करण्याचे काम अभ्यासकांवरच येते.

उरलेली अक्षरे शांततेच्या काळातली आहेत. ईडी म्हणजे एफिशियन्सी डेकोरेशन, नागरी नोकरी सांभाळून राखीव दलात दीर्घ सेवा केलेल्या अधिकाऱ्यांना त्या काळी मिळणारा सन्मान. त्या १९७० पर्यंत राखीव दलात होत्या आणि लेफ्टनंट कर्नल झाल्या. एमबीई १९७३ मध्ये मिळाले. तेव्हा त्या मेलबर्नच्या फेअरफील्ड संसर्गजन्य रोग रुग्णालयाच्या परिचर्या विभागाच्या प्रमुख होत्या. १९६१ ते १९७७ अशी सोळा वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून अनाथ मुलांना बाहेर काढण्याच्या मोहिमेतही त्या गेल्या होत्या. युद्धानंतर लगेच त्यांनी आणि त्यांच्याबरोबर कैदेत राहिलेल्या बेटी जेफ्री यांनी छोट्या मोटारीतून व्हिक्टोरिया प्रांतातली रुग्णालये पालथी घालून निधी जमवला आणि त्यातून मेलबर्नमध्ये मृत परिचारिकांच्या स्मरणार्थ नर्सेस मेमोरियल सेंटर उभे राहिले. या कामासाठी स्वतंत्र पदक नाही. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतले हे काम सर्वांत जवळचे वाटते, कारण इतरांना जे पदक नियमाने देता येत नव्हते त्याची जागा त्यांनी एका इमारतीने भरून काढली.

त्यांच्या पदकांत १९३९–४५ स्टार आणि पॅसिफिक स्टार हे मोहिमेचे तारेही आहेत. ते ठरावीक रणक्षेत्रात ठरावीक काळ हजर असलेल्या प्रत्येकाला मिळतात, म्हणून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. आपण तसे करू नका. घरात जुन्या पेटीत एखाद्या आजीचे असे तारे सापडले आणि बाकी कागदपत्रे हरवलेली असली, तर ती कुठे आणि कोणत्या वर्षी होती हे सांगणारा पुरावा अनेकदा तोच असतो. शौर्यपदकापेक्षा मोहिमेच्या पदकावरून तिच्या सेवेचा माग काढणे सोपे जाते.

आणि पेटीत काहीच नसेल तर? पुण्याला आलात तर खडकीच्या राष्ट्रकुल युद्ध दफनभूमीतील पहिल्या महायुद्धाचे स्मारक पाहा. १९१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पटकीने मरण पावलेल्या एका ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिकेचे नाव त्यावर आहे. वॉर्डात पटकीचे रुग्ण असताना तिथे उभे राहणे हे संगिनीसमोर उभे राहण्यापेक्षा कमी धोक्याचे नव्हते, परंतु संसर्गाने झालेला मृत्यू शौर्याच्या व्याख्येत बसवण्याची पद्धत नव्हती. माझ्या विद्यार्थिनींना मी एकदा तिथे घेऊन गेले होते. त्यांनी ते नाव शोधायला बराच वेळ घेतला आणि सापडल्यावर एकीने दगडावरून बोट फिरवून ते अक्षर अक्षर वाचले.

मार्च १९९३ मध्ये बांका बेटावर मारल्या गेलेल्या परिचारिकांचे स्मारक उभे राहिले, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या बुलविंकल तिथे उपस्थित होत्या. त्याच वर्षी त्यांना एओ, म्हणजे ऑफिसर ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया हा सन्मान मिळाला होता. ३ जुलै २००० रोजी पर्थ येथे त्यांचे निधन झाले. २ ऑगस्ट २०२३ रोजी कॅनबेराच्या वॉर मेमोरियलच्या आवारात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. तिथे एखाद्या परिचारिकेचा किंवा कोणत्याही एका स्त्रीचा असा पुतळा त्यापूर्वी नव्हता. पुतळ्याच्या पायथ्याशी स्टेनलेस स्टीलच्या बावीस चकत्या जडवल्या आहेत आणि १६ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री बांका बेटावरच्या आकाशात तारे जसे दिसले असतील तशा त्या मांडल्या आहेत.